झाडं लावली, फोटो काढले, पुढे काय?

प्रश्न:
ताई, मी कितीतरी वर्षं सुट्टी मिळाली की डोंगरात पळते. ऑफिसचं टेन्शन, घरातली कुरबूर, सगळं तिथे उतरवून येते. मध्यंतरी वाटायला लागलं की आपण नुसतं घेतोच आहोत, काहीतरी परत दिलं पाहिजे. म्हणून कंपनीच्या वृक्षारोपणाला गेले. सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, बॅनर, भाषण, दोन तासांत शेकडो रोपं, ग्रुप फोटो, संपलं. काही महिन्यांनी एकटीच बघायला गेले तर बहुतेक रोपांच्या काटक्या झालेल्या. एक उपटून बघितलं तर मुळांना नर्सरीची प्लास्टिकची पिशवी तशीच. इतकं वाईट वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "ते झाडांसाठी नव्हतंच गं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून होतं." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. मला खरंच काहीतरी करायचंय, पण झाडाझुडपातलं ओ की ठो कळत नाही, एक गुडघा दुखरा आहे आणि महिन्यातून दोनच रविवार मोकळे मिळतात. मैत्रिणी म्हणतात आपलाच ग्रुप काढू. काढू का? की माझ्यासारखीने या भानगडीत न पडलेलंच बरं?
– डोंगरवेडी

उत्तर:
अगं डोंगरवेडी, सगळ्यात आधी एक सांग, त्या टीशर्टवाल्यांपैकी किती जण काही महिन्यांनी परत बघायला गेले असतील? तू गेलीस, वर एक रोप उपटून मुळं बघितलीस. ही सवय ज्याला आहे त्याला बाकीचं शिकवता येतं, त्यामुळे "माझ्यासारखीने पडावं का" हा प्रश्न आपण इथेच निकालात काढू.

नवरा म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे, उगाच कशाला नाकारायचं. पण स्वतःला बरं वाटणं हा काही गुन्हा नाही ना. फुकटात घाम गाळायला येणारा प्रत्येक माणूस थोडाफार त्यासाठीच येतो आणि बरं वाटलं नाही तर तिसऱ्या वेळी कोणी फिरकणारच नाही. गडबड कधी होते, तर सगळा कार्यक्रमच त्या बरं वाटण्याभोवती आखला जातो तेव्हा. म्हणजे किती खड्डे, किती माणसं, बस कधी सुटणार हे सगळं ठरलेलं असतं आणि पुढच्या महिन्यात पाणी कोण घालणार हे कोणालाच माहीत नसतं. तू जिथे गेलीस तिथे हेच झालंय, त्यात तुझा दोष नाही आणि रोपांचा तर अजिबातच नाही.

त्या पिशवीचं आधी बोलू, कारण ते मलाही वाचताना टोचलं. नर्सरीची काळी पिशवी मातीत कुजत नाही. ती तशीच पुरली की मुळं बाहेर जायला वाट शोधतात, सापडत नाही, मग आतल्या आत गोल गोल फिरत बसतात. वरून रोप काही दिवस हिरवं दिसतं कारण पिशवीतल्या मातीत ओल असते, ती संपली की खेळ खलास. म्हणून पिशवी आधी ब्लेडने उभी कापायची, मातीचा गोळा न फोडता रोप बाहेर काढायचं, खाली मुळांचा वेटोळा दिसला तर तो हाताने सैल करायचा, फारच घट्ट असेल तर कापायचा, आणि रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खड्ड्यात खोल ठेवायचं, खोडाचा भाग मातीत गाडायचा नाही. भोवती आळं करायचं, त्यात पाचोळा पसरायचा पण खोडाला चिकटवायचा नाही, नाहीतर तिथे ओल धरून खोड कुजतं. हे एका रोपाला नीट करायला वेळ लागतो बाई. दोन तासांत शेकडो रोपं म्हटल्यावरच समजायचं की पुढे काय होणार.

हे फक्त तुझ्या कंपनीतच होतं असं नाही, सरकारंसुद्धा यात पडतात. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ ला एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावायची मोठी मोहीम झाली, एका ठिकाणी तर तासाभरात तीन लाखांवर रोपं लावून जागतिक विक्रमही केला. दोन-तीन महिन्यांत तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या युनियनने सांगितलं की आम्ही बघितलेल्या रोपांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मेलीत, वेळ चुकीची होती आणि पाणी नव्हतं. सरकारने ते साफ नाकारलं. खरा आकडा काहीही असो, विक्रम मोजायची पद्धत बघ ना, किती लावली ते मोजलं, किती जगली ते विक्रमाच्या हिशोबात नव्हतंच.

याच्या उलट वंगारी मथाईंचं काम. केनियात १९७७ मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट मूव्हमेंट सुरू केली. गावातल्या बायका स्वतःच रोपवाटिका चालवायच्या, आणि त्यांना पैसे मिळायचे, थोडेच, पण कशाचे, तर जगलेल्या रोपाचे. एवढी एक अट घातली की लगेच सगळ्यांचं लक्ष पाणी, कुंपण, बकऱ्या यांच्याकडे जातं. पुढे ती झाडं कोट्यवधींच्या घरात गेली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. कुठल्याही ग्रुपने "आम्ही अमुक हजार झाडं लावली" म्हटलं की एकच विचारायचं, मागच्या वर्षीची किती जगली? उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून जा. आणि जर तो म्हणाला "निम्मी गेली, आम्ही उतारावर लावली होती ती चूक झाली, या वर्षी खाली लावतोय", तर त्याच्याबरोबर जा, त्या माणसाला काम येतं.

आता एक गोष्ट तुला कदाचित पटणार नाही. निसर्गासाठी काही करायचं म्हणजे झाडच लावायचं हे आपल्या डोक्यात फार घट्ट बसलंय, आणि झाडं नाहीत म्हणजे ती जागा मोकळी, ओसाड, वाया गेलेली असं आपण धरून चालतो. पण गवताळ माळ हा माळच असतो, त्याला जंगल व्हायचं नसतं. चंडोलासारखे पक्षी जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतात, त्यांच्या माळावर तू रांगेत झाडं लावलीस तर शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात आणि चंडोल जातो. ब्रिटनमध्ये १९५९ साली कॉन्झर्वेशन कोअर म्हणून तरुण स्वयंसेवकांची एक तुकडी निघाली, त्यांचं पहिलं काम बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर होतं आणि ते होतं झुडपं तोडायचं! चुनखडीच्या जमिनीवरचं जुनं गवत आणि त्यातली रानफुलं झुडपांखाली गुदमरत होती म्हणून. विचार कर, तुझ्या कंपनीने "चला, झुडपं तोडायला" म्हणून बॅनर लावला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

म्हणून माझा सल्ला, जो मी पुढे परत परत वेगवेगळ्या तोंडाने सांगणार आहे, तो असा की काय काम करायचं ते आधी ठरवू नकोस, जागा ठरव. एकच जागा, जिथे तुला वर्षभर जाता येईल, घरापासून फार लांब नको, आणि जिथे आधीपासून कोणीतरी काम करतंय. त्या जागेला काय हवंय ते त्या लोकांना विचार आणि ते जे सांगतील ते कर, कितीही कंटाळवाणं असलं तरी. बहुतेक वेळा कंटाळवाणंच असतं. तण उपटणं, पाणी घालणं, रोपांना नंबर लावणं, कचऱ्याचे प्रकार मोजणं, तुटलेल्या खुरप्याला दांडा बसवणं. फोटोत काहीच येत नाही यातलं.

तण उपटण्यावरून आठवलं, सिडनीच्या दोन बहिणी होत्या, जोन आणि आयलीन ब्रॅडली. १९६० च्या दशकात त्या घराजवळच्या झाडीत फिरायला जायच्या तेव्हा जाता जाता थोडं थोडं परदेशी तण उपटायच्या, आणि बघत राहायच्या की नंतर तिथे काय उगवतं. हे बघत राहणं महत्त्वाचं, कारण त्यातून त्यांना जे कळलं ते आपल्या सहज बुद्धीच्या एकदम उलट होतं. आपण काय करतो, जिथे सगळ्यात जास्त तण माजलंय तिथे सगळी फौज घेऊन घुसतो, सगळं साफ करतो, जमीन उघडी करून टाकतो आणि खूश होऊन घरी येतो. उघड्या मातीवर ऊन पडलं की मातीत दबा धरून बसलेलं तणाचंच बी आधी उगवतं, पुढच्या वर्षी दुप्पट. ब्रॅडली बहिणी म्हणाल्या, चांगल्या भागापासून सुरुवात करा. जिथे देशी झाडझाडोरा शाबूत आहे आणि तण थोडंच आहे तिथलं तण काढा, मग हळूहळू खराब भागाकडे सरका. माती कमीत कमी हलवा. आणि किती वेगाने पुढे सरकायचं ते आपण नाही ठरवायचं, मोकळ्या झालेल्या जागेत देशी रोपं जेवढ्या वेगाने येतील तेवढंच पुढे. ऑस्ट्रेलियात आजही याला ब्रॅडली पद्धत म्हणतात.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं सांगते. एक रोप धरायचं, वरून नाही, अगदी जमिनीलगत, बोटं मातीला टेकली पाहिजेत. हिसका द्यायचा नाही, हिसक्याने खोड हातात येतं आणि मूळ आत राहतं. हळूहळू ओढायचं, हलवत हलवत, मूळ सुटताना हाताला बारीक तटतट जाणवते. मुळाची माती तिथेच झटकायची, खड्डा पायाने दाबून बंद करायचा, बाजूला सारलेला पाचोळा परत जागेवर पसरायचा, आणि तणाला बी धरलेलं असेल तर तेवढे तुरे आधी कापून पिशवीत टाकायचे, नाहीतर उपटता उपटता आपणच पेरणी करतो. झालं. मग पुढचं रोप. तू तासाभर हे केलंस तर लांबून बघणाऱ्याला कळणारही नाही की इथे काही झालंय, आणि तेच हवंय.

तुला झाडाझुडपातलं कळत नाही म्हणालीस ना, तर यासाठी शेकडो झाडं ओळखायची काही गरज नाहीये. त्या जागेवरची चार-पाच त्रासदायक तणं आणि त्यांच्यासारखी दिसणारी देशी रोपं एवढं ओळखता आलं की तू कामाची. पहिले काही वेळा शंका आली की उपटायचं नाही, विचारायचं. चुकीचं देशी रोप उपटणारा उत्साही माणूस ग्रुपला नको असतो, पुन्हा पुन्हा विचारणारा चालतो. फोनवर आयनॅचरलिस्ट हे झाडं-प्राणी ओळखायचं ॲप टाकून ठेव, फोटो काढताना फक्त फूल नको, पान दोन्ही बाजूंनी, खोड, आणि पूर्ण झाड असे तीन-चार काढ, मग लोक नाव सांगतात. पण ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, तिथे इतर माणसांनी दुजोरा दिल्यावरच ती नोंद पक्की धरली जाते. आणि दुर्मिळ काही दिसलं, घरटं दिसलं, तर नेमकी जागा जाहीर करू नकोस, चोर पण ॲप वापरतात.

आता गुडघा. गुडघा दुखतो म्हणून मागे राहू नकोस आणि गुडघा दुखतो हे लपवून पुढेही जाऊ नकोस, दुसरं जास्त वाईट, कारण मग मधेच तुला उचलून आणायला चार माणसं लागतात आणि त्या दिवशीचं काम बोंबलतं. रोपवाटिकेत टेबलाशी उभं राहून किंवा स्टुलावर बसून पिशव्या भरणं, बी निवडणं, रोपं मोठ्या पिशवीत हलवणं ही सगळी कामं गुडघ्याला न वाकवता होतात आणि तिथे माणसं नेहमी कमी असतात, कारण सगळ्यांना डोंगरावर जायचं असतं.

आणि मोजणी! याबद्दल मला जरा जास्त बोलू दे, कारण लोकांना वाटतं हे काय काम आहे का. जर्मनीत क्रेफेल्ड म्हणून गाव आहे, तिथे कीटक अभ्यासणाऱ्यांची १९०५ पासूनची एक मंडळी आहे, त्यात बहुतेक जण हौशी, पोटापाण्याला दुसरंच काहीतरी करणारे. ते लोक राखीव जागांमध्ये तंबूसारखी जाळी उभी करायचे, उडते कीटक त्यात शिरून वर बाटलीत जमा व्हायचे, बाटली काढायची, आतलं वजन करायचं, वहीत लिहायचं, नवी बाटली लावायची. वर्षानुवर्षं हेच. जाळी तीच, पद्धत तीच, कोणी म्हणालं नाही की यंदा जरा वेगळं करून बघू. आणि २०१७ मध्ये जेव्हा शास्त्रज्ञांबरोबर बसून ६३ जागांचा २७ वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा कळलं की उडत्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलंय, तेही राखीव जागांमध्ये. जगभर खळबळ माजली. ही गोष्ट एखाद्या मोठ्या संस्थेला नंतर कितीही पैसे ओतून करता आली नसती, कारण १९८९ सालची बाटली आज कुठून आणणार?

तसंच मोनार्क फुलपाखरांचं. कॅनडाचे फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे जोडपं शोधत होतं की ही फुलपाखरं हिवाळ्यात जातात कुठे. त्यांनी हजारो स्वयंसेवकांकडून फुलपाखरांच्या पंखांना इवलीशी चिकटपट्टी लावून घेतली, कित्येक वर्षं. शेवटी १९७५ च्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरात त्यांच्याच स्वयंसेवकांना ती जागा सापडली, झाडं फुलपाखरांनी लगडलेली, आणि पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे गेले तर अमेरिकेतल्या मिनेसोटात एका शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर पट्टी लावलेलं एक फुलपाखरू तिथे मिळालं. पट्टी लावताना त्या मुलांना काय कल्पना असणार.

तुला पक्षी मोजायला सांगितले तर एक ध्यानात ठेव, "काही दिसलं नाही" हीसुद्धा नोंद असते आणि ती लिहायची असते. लोक फक्त भारी काही दिसलं तरच लिहितात, मग आकडे बघणाऱ्याला वाटतं सगळीकडे भारीच पक्षी आहेत. तासभर उभी राहिलीस आणि दोन कावळेच दिसले तर दोन कावळे लिही, वेळ लिही, हवा लिही. कंटाळा येईल, येऊ दे.

तू ट्रेकर आहेस म्हणून एक काम खास तुझ्यासाठी सुचवते, गुडघा परवानगी देईल तेवढंच. पायवाटा सांभाळणं. आपण ज्या वाटेने चढतो ती वाट कोणीतरी सांभाळत असतं हे वर्षानुवर्षं चालूनही आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल, साधारण ३५०० किलोमीटर, १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली गेली, १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली, आणि आजही तिचं रोजचं काम मुख्यतः स्वयंसेवकांचे क्लब बघतात, प्रत्येक क्लबला आपला तुकडा वाटून दिलेला. वाट लोकांच्या पायांनी जेवढी बिघडते त्याहून जास्त पाण्याने बिघडते. पाणी उतारावरून वाटेत शिरलं की वाटेलाच ओढा समजून धावत सुटतं, माती नेतं, दगड उघडे पाडतं, मग लोक बाजूने चालतात, बाजूचं गवत मरतं, वाट रुंद होते, आणखी पाणी शिरतं. म्हणून वाटेवर ठराविक अंतराने तिरका दगड किंवा ओंडका रोवलेला असतो, पाण्याला बाहेर वळवायला. तू आजवर त्याच्यावर पाय देऊन पुढे गेली असशील. त्याच्या वरच्या अंगाला गाळ आणि पाला साचतो, साचला की पाणी त्याच्यावरून उडी मारून परत वाटेत. फावड्याने तो गाळ ओढून काढायचा आणि पाणी बाहेर पडायचं तोंड चांगलं रुंद करून द्यायचं, बस, एवढंच काम. पाऊस पडत असताना जाऊन बघितलंस तर पाणी तुझ्या डोळ्यांसमोर वळतं. मला विचारशील तर या सगळ्या कामांत सगळ्यात लगेच समाधान देणारं हे आहे, नवऱ्याच्या वाक्याला जे वाटायचं ते वाटो.

आणि काहीच न करता करायचं काम म्हणजे वाटेत चिखल असला की चिखलातूनच चालायचं, बाजूच्या गवतातून नाही. बूट खराब होतात, होऊ देत. पण घरी येऊन ते बूट घासून धुवायचे, पुढच्या जागी जायच्या आधी. हे मी स्वच्छतेसाठी नाही सांगत. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाची प्रचंड जुनी झाडं आहेत, त्यांच्या मुळांना मारणारा एक रोग मातीतून पसरतो, चिमूटभर मातीसुद्धा पुरते. म्हणून तिथे जंगलात शिरताना बूट घासायला ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं, काही वाटा तर त्यापायी बंदच केल्या. मोज्यांच्या लोकरीत आणि बॅगेच्या वेल्क्रोत तणाचं बी चिकटून येतं ते वेगळंच. एका जागेचं तण उपटून दुसरीकडे तेच पेरायचं, असला उद्योग नको.

कचरा गोळा करण्याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मारानिस या बाईंनी पहिली मोठी सफाई घडवली तेव्हा लोकांच्या हातात पिशवीबरोबर एक कार्डही होतं, प्रत्येक वस्तू लिहायची, किती झाकणं, किती दोऱ्या, किती बाटल्या. तीच पुढे जगभरची दरवर्षीची मोहीम झाली. पिशव्या किती भरल्या यावरून काही कळत नाही, पण काय सापडलं ते लिहिलं की कचरा कुठून येतोय ते कळतं आणि मग तिथे जाऊन भांडता येतं. सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं त्या यादीत वरच्या नंबरात, आणि ती कापसाची नसतात बरं का, प्लास्टिकचेच धागे असतात ते. उचलताना बाटलीत आत काही जिवंत नाही ना ते बघ, सुई दिसली तर हात लावू नकोस, ज्याच्याकडे जाड डबा आणि चिमटा आहे त्याला बोलाव. वाळकं लाकूड, किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ, पाचोळा हा कचरा नाही, तो तिथे राहू दे, त्यात कोणीतरी राहतं.

आणि परदेशात जाऊन पैसे भरून वाघसिंहाची पिल्लं मांडीवर घ्यायची "स्वयंसेवा" असते ना, तिकडे फिरकूही नकोस. जिथे जंगली पिल्लू तुझ्या मांडीवर देतात तिथे त्या पिल्लाच्या पुढच्या आयुष्याचं कोणी काही ठरवलेलं नसतं.

आता ग्रुप काढायचं. नको. निदान सगळे ऋतू एकदा बघून होईपर्यंत तरी नको. तुझ्या मैत्रिणींचा उत्साह खरा असेल, पण ग्रुप काढला की पहिले कितीतरी रविवार लोगो, नाव, ॲडमिन कोण आणि टीशर्टचा रंग यातच जातात, मग जागा कोणाची, परवानगी कोण देणार, अवजारं कुठे ठेवायची, कोणाला साप चावला तर जबाबदार कोण, हे सगळं तुझ्या डोक्यावर, आणि तुला तर अजून तण ओळखता येत नाही. तिकडे आधीपासून चालू असलेल्या ग्रुपांमध्ये नेहमी एकच रडगाणं, माणसं पहिल्या वेळी भरपूर येतात, नंतर येत नाहीत. तुम्ही तिघी-चौघी जणी ठरलेल्या रविवारी न चुकता उगवलात तर तेवढ्याने त्यांचं काम बदलून जाईल. राखीव जंगल असेल तर परवानगीशिवाय बी टाकणंसुद्धा नको, चांगल्या हेतूने उधळलेल्या बिया तण होऊन बसल्याची उदाहरणं जगभर आहेत.

ग्रुप कसा निवडायचा ते अर्धं वर आलंच. आणखी एवढं बघ की कामाला सुरुवात करायच्या आधी कोणी पाच मिनिटं उभं राहून अवजारं कशी धरायची ते सांगतं का. कुदळ खांद्यावर टाकून चालायचं नाही, हातात, बाजूला, पातं खाली, उतारावर असशील तर उताराच्या बाजूच्या हातात म्हणजे घसरलीस तर तिला सोडून देता येते. दोघांच्या मधे अवजार पूर्ण फिरेल एवढं अंतर. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे हे विचारल्यावर लगेच उत्तर आलं पाहिजे. हे सांगणारा माणूस जरा खडूस वाटतो, चांगला असतो.

ती वाळलेली रोपं. एकदा वही घेऊन परत जा, किती जिवंत, किती मेलेली, किती पिशवीसकट हे मोजून फोटोसकट ऑफिसमध्ये ज्यांनी कार्यक्रम केला त्यांना मेल टाक, टोमणे न मारता. सोबत लिही की पुढच्या वेळी तेवढ्याच पैशात कमी रोपं लावू आणि उरलेल्यात दोन-तीन वर्षं पाणी आणि राखण बघू. ऐकतील न ऐकतील, पण आकडे समोर असले की पुढच्या वर्षी कोणीतरी प्रश्न विचारेल. जिवंत राहिलेल्यांना तेवढ्यात आळी करून ये. नवऱ्याला बरोबर ने असं मी सांगणार नाही, आला तर गाळ ओढायला दे, नाही आला तर त्याला झोपू दे.

दोन रविवारांपैकी एकच या कामाला दे. दुसरा ट्रेकचा, तो सोडू नकोस, दोन्ही देऊन टाकलेस तर काही महिन्यांत या कामाचा राग येईल. आणि ज्या ग्रुपला मेसेज करशील त्याला लांबलचक ओळख लिहू नकोस, एवढंच पाठव: "महिन्यातून एक रविवार सकाळी येऊ शकते, पुढचं वर्षभर. काही येत नाही, शिकेन. एक गुडघा दुखतो, जड उचलणं जमणार नाही. कोणतंही काम चालेल." आठवड्यात उत्तर आलं नाही तर फोन कर, हे लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून हा व्याप करत असतात, मेसेज राहून जातात. दोनदा फोन करूनही कोणी विचारलं नाही तर दुसरा ग्रुप बघ, आणि कुठे लागलीस ते मला कळव.

– ताई